डिकन्सचें बालपण आणि त्याच्या कादंबऱ्या

'ऑलिव्हर ट्विस्ट' अथवा 'डेव्हिड कॉपरफील्ड' ह्या कादंबऱ्यांचीं संक्षिप्त रूपें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं वाचलीं असतील. पोरकीं, उपाशी, मोठ्या माणसांनीं टाकून दिलेलीं मुलें चार्लस् डिकन्सच्या लेखनांत वारंवार कां भेटतात, ह्याचें उत्तर त्याच्या वयाच्या तेराव्या वर्षांत सांपडतें.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजीं पोर्टस्मथ येथें झाला. वडील जॉन डिकन्स हे आरमाराच्या पगार-कचेरींत कारकून होते. मनुष्य प्रेमळ, बोलका, हौशी. परंतु खर्च नेहमीं मिळकतीच्या पुढें धांवे. १८२४ सालीं एका पाववाल्याच्या चाळीस पौंडांच्या देण्यापायीं त्यांस लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत जावें लागलें. ऋणकोला कर्ज फिटेपर्यंत कोंडून ठेवावें, असा त्या काळीं इंग्लंडांत कायदा होता. कोंडलेल्या मनुष्यानें पैसा मिळवावा कसा, हें मात्र कायदा सांगत नसे. पुढें पत्नी व धाकटीं मुलेंहि तुरुंगांतच राहावयास गेलीं.

त्याच सुमारास चार्लस्‌ला थेम्सकांठच्या वॉरेनच्या बूटपॉलिशच्या कारखान्यांत कामास लावण्यांत आलें. इमारत मोडकळीस आलेली, उंदीर-घुशींनीं भरलेली. पॉलिशच्या बरण्यांचीं तोंडें कागदानें बांधावयाचीं व वर चिठ्ठ्या चिकटवावयाच्या, हें काम. वेतन आठवड्यास सहा शिलिंग. शाळा सुटली. थोरली बहीण फॅनी मात्र संगीतशाळेंत शिकत होती. तिला बक्षीस मिळतांना पाहून त्यास रडूं कोसळलें. मत्सरामुळें नव्हे, असें त्यानेंच पुढें लिहून ठेविलें आहे.

कारखान्यांत बॉब फॅगिन नांवाचा एक पोरका मुलगा होता. एके दिवशीं चार्लस्‌च्या कुशींत कळ उठली, तेव्हां ह्या बॉबनें रिकाम्या बाटल्यांत ऊन पाणी भरून अर्धा दिवस त्यास शेक दिला, आणि संध्याकाळीं घरापर्यंत सोबत करण्याचा हट्ट धरिला. बाप तुरुंगांत आहे हें कसें सांगावें? चार्लस् एका परक्या घराच्या पायरीवर थांबला, तेंच आपलें घर असें भासवून त्यानें निरोप घेतला, आणि बॉबनें मागें वळून पाहिलेंच तर संशय नको म्हणून दारहि ठोठावलें. दार उघडणाऱ्या बाईस त्यानें विचारिलें, "रॉबर्ट फॅगिन येथेंच राहतात काय?"

पुढें 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्यें (१८३७-३९) मुलांस चोरी शिकविणाऱ्या म्हाताऱ्यास डिकन्सनें फॅगिन हेंच नांव दिलें! उपकाराची ही फेड विचित्र खरी. मला असें वाटतें कीं, बॉबच्या चांगुलपणाचीच त्या मुलास धास्ती होती. त्या सोबतींत मन रमलें असतें तर तो कारखाना आपला झाला असता.

'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्यें (१८४९-५०) कारखान्याच्या जागीं दारूच्या व्यापाऱ्याची वखार आली. मुलाच्या मनांतील यातना तीच. परंतु कादंबरी म्हणजे आत्मचरित्राची नक्कल नव्हे. डेव्हिडला डिकन्सनें बाप ठेविलाच नाहीं. स्वतःच्या बापास त्यानें निराळें काढून मिकॉबर केलें. कर्जांत बुडालेला आणि उद्यां कांहींतरी चांगलें घडेलच ह्या भरंवशावर जगणारा हा गृहस्थ वाचकांस हंसवितो व आवडतो. १८५१ सालीं वडील वारले. त्यानंतरच्या 'लिट्ल डॉरिट'मध्यें (१८५५-५७) तोच मार्शलसी तुरुंग आहे. पण आंतील वृद्ध कैदी पोकळ प्रतिष्ठा मिरविणारा व मुलीच्या श्रमांवर जगणारा आहे. त्यास पाहून हंसूं येत नाहीं. एकाच बापाचीं हीं दोन चित्रें. दुसरें काढण्यास बापाच्या मृत्यूची वाट पाहावी लागली, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

आईची गोष्ट अधिक कठीण. वडील सुटून आल्यावर त्यांचें कारखान्याच्या चालकाशीं भांडण झालें व चार्लस् घरीं आला. आईनें भांडण मिटविलें. मुलानें परत कामास जावें, अशी तिची इच्छा होती. वडिलांनीं मात्र त्यास शाळेंत घातलें. बिचारीपुढें संसाराचा खड्डा होता, हें आम्हां पालकांस कळतें. मुलाला तें कधींच कळलें नाहीं. स्वतःच्या मुलांसाठीं प्रभु येशूचें चरित्र सोप्या भाषेंत लिहिणाऱ्या ह्या पित्यानें, आईची ती इच्छा आपण विसरलों नाहीं व विसरणारहि नाहीं, असें लिहून ठेविलें.

ही सर्व हकीकत त्यानें जॉन फॉर्स्टर ह्या मित्रास तेवढी सांगितली होती. मुलांस तिची वार्ताहि नव्हती. १८६९ च्या नाताळांत घरचीं मंडळी स्मरणशक्तीचा एक खेळ खेळत होतीं. प्रत्येकानें आधींचे सर्व शब्द म्हणून आपला एक जोडावयाचा. डिकन्सची पाळी आली तेव्हां तो म्हणाला, "वॉरेनचें बूटपॉलिश, तीस, स्ट्रँड." त्याच्या डोळ्यांत कांहीं निराळीच चमक होती. त्या शब्दांचा अर्थ कोणासच लागला नाहीं. पुढच्या जूनमध्यें तो वारला, आणि फॉर्स्टरनें लिहिलेलें चरित्र बाहेर पडलें तेव्हां कोठें त्याच्या मुलास, हेन्रीस, त्या संध्याकाळचा उलगडा झाला.