चिकणमातीवर उभं असलेलं चिविता

रोमच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर चिविता दि बान्योरेजो हे गाव एका सुट्या सुळक्यावर वसलं आहे. मोटार तिथवर जात नाही. शेजारच्या बान्योरेजो या गावाहून सुमारे तीनशे मीटर लांबीचा पादचारी पूल ओलांडायचा आणि शेवटचा चढ दमानेच चढायचा. हा पूल 1965 सालचा.

गावाचं दुखणं पायाखाली आहे. वरचा थर टफ खडकाचा. बोल्सेना सरोवराभोवतीच्या ज्वालामुखींनी ओकलेली राख घट्ट बसून तो बनला. त्याच्याखाली जुन्या समुद्रतळाची चिकणमाती. दोन बाजूंनी दोन ओढे ही माती खरवडतात, पाऊस ती धुऊन नेतो. खालचा आधार सुटला की टफला उभ्या भेगा पडतात आणि कड्याचा तुकडा दरीत कोसळतो. कधी त्याच्यासोबत घरही जातं.

हा खडक हत्यारानं सहज कोरता येतो. अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन लोकांनी त्यात वाटा आणि थडगी खोदली. पुढे गावकऱ्यांनी त्यातच द्राक्षारसाची तळघरं केली. सांता मारिया वेशीतून आत शिरताना दोन्ही बाजूंचा कापलेला खडक हाताला लागतो. टफच्या मऊपणामुळे गाव वसवणं सोपं गेलं, पण त्याच्याखालच्या चिकणमातीचा मऊपणा आता गावाच्या जिवावर उठला आहे.

संत बोनाव्हेंतुरा याच गावचे. ते 1257 साली फ्रान्सिस्कन पंथाचे प्रमुख झाले. त्यांचं बालपणीचं घर कधीच कड्याबरोबर गेलं.

गावाचा कणा मोडला तो 1695 च्या भूकंपात. बिशपचं पीठ आणि पालिकेचा कारभार शेजारच्या बान्योरेजोत हलला आणि त्यांच्यामागून माणसंही निघाली. विसाव्या शतकात इथल्याच भागातले लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी चिविताला मरणपंथाला लागलेलं गाव म्हटलं. ते नाव इतकं चिकटलं की आज त्याच नावावर पर्यटक येतात.

2013 साली पालिकेनं प्रवेशासाठी दीड युरोचं तिकीट लावलं. पुढे ते पाच युरोंवर गेलं. वर्षाकाठी लाखो लोक येऊ लागले आणि त्या उत्पन्नावर पालिकेला रहिवाशांचे स्थानिक करही माफ करता आले. कड्याच्या भेगा पोलादानं आवळण्याचं, ओढ्यांना बंधारे घालण्याचं काम तर कित्येक वर्षांपासून चालू आहे. गाव नुसतं मरणाची वाट पाहत बसलेलं नाही, हे इथे ठासून सांगायला हवं.

तरीही, सान दोनातो चर्चपुढच्या चौकात जून आणि सप्टेंबरमध्ये गाढवांच्या शर्यती रंगतात तेव्हा बघे हजारांनी असतात आणि बारमाही राहणारी माणसं जेमतेम डझनभर. कडा सावरण्यावर जितका खर्च होतो, तितकाच विचार आता इथे संसार मांडू पाहणाऱ्यांसाठी व्हायला हवा.