तसबिरीच्या पाठीमागें

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळींत झाडलोट चालली असतां माळ्यावरून एक जुनी तैलतसबीर खालीं आली. पगडी, उपरणें, गंभीर मुद्रा. परंतु हे गृहस्थ पणजोबा कीं त्यांचे वडील बंधु, हें कोणासही सांगतां येईना. ज्या आत्याबाईंस तें ठाऊक असतें, त्या दोन वर्षांमागें निवर्तल्या. त्यांस कोणीं कधीं विचारिलेंच नव्हतें.

हें ऐकून आम्हांस नाना फडणिसांच्या चित्राचें स्मरण झालें. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला व पुणें दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानें येथें आला. १७९२ मध्यें त्यानें सवाई माधवराव व नाना यांचें चित्र रंगविलें. पेशवे अठरा वर्षांचे, रत्नालंकारांनीं नटलेले. जवळ पन्नाशीचे नाना, कृश व साधे. दौलत कोणाची आणि तिचा भार कोणाच्या शिरावर, हें पाहणारास निराळें सांगावें लागत नाहीं.

१७९५ सालीं माधवराव शनिवारवाड्यांत वरून पडून गतप्राण झाले. त्याच सालीं वेल्सही ठाण्यास वारला. १८०० सालीं नाना गेले आणि १८२८ च्या आगींत वाडा जळाला. चित्र मात्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपाशीं सुरक्षित राहिलें.

मॅलेटच्या खटपटीनें शनिवारवाड्यांत एक चित्रशाळाही निघाली होती. तींत तयार झालेल्या गंगाराम चिंतामण तांबट यानें वेरूळच्या लेण्यांचीं सुरेख चित्रें काढिलीं. त्याचीं चित्रें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. पुण्यांतील किती घरांत त्याचें नांव ठाऊक असेल?

परकीयांनीं जपलें म्हणून त्यांस दोष देणें सोपें आहे. जपतांना त्यांनीं नांव आणि साल टिपून ठेविलें, एवढें तरी आपण शिकावें. नानांस इतिहासानें ओळख दिली; आपल्या पूर्वजांस ती आपणच दिली पाहिजे.

त्या रात्रीं आम्हीं घरीं येऊन तीर्थरूपांची तसबीर भिंतीवरून उतरविली. पाठ कोरीच होती. नातवाकडून पेन्सिल मागून घेतली आणि नांव, गांव व साल लिहिलें. त्यानें विचारिलें, “आजोबा, हे कोण?” तो प्रश्न त्यानें आम्हांस प्रथमच विचारिला होता.