स्टीअरिंग कुठल्या हाताला?

देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी बनवलेल्या छोट्या जीपचं कौतुक झालं ते मुख्यतः तिच्या किकचं. चारचाकी गाडी, आणि चालू करायची मोटारसायकलीसारखी पायाने किक मारून! दुचाकीचं इंजिन, रिक्षाची चाकं, भंगारातून जमवलेलं बाकीचं सामान आणि पुढे जीपची ओळखीची उभ्या फटींची जाळी. खर्च सुमारे साठ हजार रुपये. मुलाची हौस पुरी करायला एका लोहारकाम करणाऱ्या बापाने उभी केलेली ही गाडी डिसेंबर 2021 मध्ये व्हिडिओतून देशभर पोचली. महिंद्रा समूहाचे आनंद महिंद्रा यांनी ती पाहिली, तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी 2022 मध्ये सांगलीत ही अदलाबदल झाली.

मला मात्र त्या व्हिडिओत पहिल्यांदा दिसलं ते स्टीअरिंग. ते डावीकडे आहे.

कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, त्यांचं आजोळ. इथल्या रस्त्यावर गाड्या डावीकडून चालतात, म्हणून चालक उजवीकडे बसतो. तरीही जीप म्हटल्यावर जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे येते ती डाव्या स्टीअरिंगची गाडी. याचं कारण थेट दुसऱ्या महायुद्धात सापडतं. 1941 पासून विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप सैन्यासाठी बनवल्या. ऐंशी इंच व्हीलबेस, 2.2 लिटरचं साठ अश्वशक्तीचं इंजिन आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून, म्हणून स्टीअरिंग डावीकडे. युद्ध कुठल्याही देशात असो, जीप तीच. लढाई संपल्यावर सैन्याने मोडीत काढलेल्या जीप इथल्या लोकांच्या हाती आल्या त्या तशाच. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने 1947 पासून विलीजच्या जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली, आणि पुढेही कितीतरी वर्षं डाव्या स्टीअरिंगच्या जीप आपल्या रस्त्यांवर धावत राहिल्या. मागच्या फळीवर ठळक अक्षरांत ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेलं असायचं. मागच्या गाडीवाल्याला तो इशारा होता.

म्हणजे लोहारांच्या गाडीत स्टीअरिंग डावीकडे आहे, तेव्हा ती जीपच्या मूळ रूपाशी इमान राखणारी आहे. एखाद्या गाडीची प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावा लागतो. मूळ गाडीचं रूप राखायचं की आपल्या रस्त्याची सोय बघायची? परदेशात जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृती घरच्या गॅरेजात बांधणारे लोक यावर तासन्‌तास वाद घालतात. मला वाटतं, ज्याने पाटणचा रस्ता चालवला आहे त्याला हा वाद पटकन समजेल.

कारण आमचा कऱ्हाड-पाटण रस्ता. मल्हारपेठ, नवारस्ता ओलांडताना ऊसतोडीच्या हंगामात पुढे दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतोच. दौलतनगरच्या कारखान्याकडे निघालेला, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. त्याला ओलांडायचं तर उजवीकडे बसलेला चालक गाडी वीतभर बाहेर काढतो आणि समोरचं बघतो. डावीकडे बसलेल्याला तेवढंच दिसायला जवळजवळ अख्खी गाडी समोरच्या वाहतुकीत घालावी लागते. शेजारी जाणतं माणूस बसलेलं असेल आणि ‘मोकळं आहे, घाला’ म्हणत असेल तर ठीक. एकटा असेल तर ट्रॅक्टरच्या मागे धूळ खात जाणं हाच शहाणपणा.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाटात समोरून ट्रक आला की आपल्याला डाव्या कडेला दबावं लागतं. कधी गटार, कधी कठडा, कधी सुटलेली साइडपट्टी. डावीकडे बसलेल्याला पुढचं चाक कडेपासून किती लांब आहे ते थेट दिसतं. शेताच्या बांधावरून, ओढ्यातून जाताना तर हे फार कामी येतं. अमेरिकेत याचंच उलटं उदाहरण आहे. तिथल्या टपालखात्याने जीपची उजव्या स्टीअरिंगची आवृत्ती वर्षानुवर्षं वापरली, कारण रस्त्याच्या उजव्या कडेच्या टपालपेट्यांत पत्रं टाकायला पोस्टमनचा हात तिथवर पोचायला हवा. कामच कडेला असेल तर माणसाने कडेला बसावं.

डाव्या स्टीअरिंगवर आपल्या कायद्याने कधी सरसकट बंदी घातली नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 120 सांगतं की डाव्या स्टीअरिंगची गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची तर तिला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेवर चालणारं इशारा-साधन हवं. मागचा विचार अगदी सरळ आहे. आपल्याकडे चालकाने उजवा हात बाहेर काढून वळण्याचा, थांबण्याचा इशारा करायचा अशी पद्धत. डावीकडे बसलेल्याचा हात ओलांडू पाहणाऱ्याला दिसणारच नाही. आज प्रत्येक गाडीला इंडिकेटर असतो, म्हणून या कलमाची आठवण कुणाला होत नाही. मात्र परदेशातून नवी गाडी आणायची तर स्टीअरिंग उजवीकडेच हवं, असं आयातीचे नियम सांगतात.

आता गॅरेजातला भाग. स्टीअरिंगची बाजू बदलायची म्हणजे चाक इकडून काढून तिकडे बसवायचं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा मिस्त्रीशेजारी उभं राहावं. स्टीअरिंगचा रॅक तसाच उलटा फिरवून दुसऱ्या बाजूला लावला तर चाक उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळते. रॅक त्या बाजूचाच मिळवावा लागतो. पेडलांचा क्रम दोन्हीकडे तोच राहतो, क्लच डावीकडे आणि अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे. पण ब्रेकचा मास्टर सिलिंडर, क्लचची जोडणी, पाय ठेवायची जागा, सगळं सरकतं. तिथेच इंजिनाचा धुराचा पाइप येत असेल तर स्टीअरिंगच्या दांड्याला वाट राहत नाही. वायपरची झाडण्याची दिशा उलटी करावी लागते. गिअरचा नकाशा मात्र बदलत नाही, म्हणून उजवीकडे बसणाऱ्याला पहिला गिअर अंगापासून लांब सापडतो आणि डावीकडे बसणाऱ्याला अंगाजवळ. हेडलाइटचं तर फारच कमी लोकांच्या लक्षात येतं. आपल्याकडचा डिप झोत डावीकडे थोडा उंच असतो, कडेचा माणूस दिसावा म्हणून. उजव्या वाहतुकीच्या देशातला दिवा इथे लावला तर तो उंच झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि घाटात रात्री त्याचा परिणाम काय होतो हे आम्हाला सांगायला नको.

स्पोर्ट्स कारच्या दुनियेत मूळ गाड्याच दोन्ही बाजूंच्या होत्या. कॅरोल शेल्बीने 1962 मध्ये ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-8 इंजिन घालून कोब्रा घडवली. अमेरिकेला जाणाऱ्या चॅसीचा क्रमांक ‘सीएसएक्स’ने सुरू होई, ब्रिटनसाठीच्या उजव्या स्टीअरिंगच्या गाड्यांचा ‘सीओबी’ने. म्हणजे कोब्राची प्रतिकृती उजव्या स्टीअरिंगची केली तरी ती मुळाशी प्रामाणिकच ठरते. फोर्ड जीटी-40 तर अमेरिकन कंपनीची, पण शर्यतीची गाडी बहुतेक उजव्या स्टीअरिंगची. ल मां आणि इतर बहुतेक सर्किटं घड्याळाच्या दिशेने फिरतात, उजवी वळणं जास्त. हलक्या गाडीत चालकाचं वजन वळणाच्या आतल्या बाजूला पडलं तर फायदा होतो. पाचशे किलोच्या गाडीत सत्तर-ऐंशी किलोचा माणूस कुठे बसतो याला अर्थ आहे. असं काम आपल्या राज्यातही झालं: अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बनवली. फायबरचं अंग, आणि इंजिन अँबॅसडरमध्ये येणारं 1.8 लिटरचं इसुझूचं.

पण रस्त्यावर चालवायच्या गाडीला नियमांची चाळणी आहे. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो, एकेका गाडीसाठी हा खर्च लोहारांसारख्या माणसाला परवडणं शक्य नाही. असलेल्या गाडीत फेरफार करायचे तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली, ‘व्हीए’ अक्षरांच्या पाटीची, पण ती पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी. काल वेल्डिंग केलेल्या जीपला तिथे जागा नाही. आनंद महिंद्रांनी बोलेरो देऊ करताना हेच म्हटलं होतं: ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, त्यापेक्षा ती आमच्या संशोधन केंद्रात ठेवू. मला हा निर्णय योग्य वाटतो, तरी मनाला लागतो. ज्या हातांनी चार चाकं, एक किक आणि एक स्टीअरिंग यांचा मेळ घातला, त्या हातांसाठी आपल्याकडे परवानगीची एकही छोटी, स्वस्त वाट नसावी? काही देशांत घरी बांधलेल्या एकट्या गाडीची तपासणी करून तिला नंबर देतात. ब्रिटनमध्ये ती सोय आहे, आणि म्हणूनच तिथे प्रतिकृतींचा एवढा मोठा छंद टिकला.

दरम्यान जीपची जाळी समुद्र ओलांडून परत गेली. 2018 मध्ये महिंद्राने अमेरिकेत मिशिगन राज्यात ‘रॉक्सर’ बनवायला सुरुवात केली, थारच्या घराण्यातली, स्टीअरिंग डावीकडे. त्या तोंडवळ्यावरून जीपच्या मालक कंपनीने दावा लावला आणि महिंद्राला पुढचा भाग बदलावा लागला.

आमच्या भागात कुणी प्रतिकृती बांधायला घेतलीच, तर माझं मत उजव्या बाजूचं आहे, गाडी कोब्रा असो की जीप. डावी बाजू शोभते ती शेतात, मिरवणुकीत, प्रदर्शनात. कऱ्हाडच्या बाजारासाठी आणि घाटासाठी उजवीच. हे चॅसीचा पहिला तुकडा कापण्याआधी ठरवावं: जमिनीवर खडूने गाडी आखावी, स्टूल ठेवून बसावं, शेजारी उसाची ट्रॉली उभी करावी आणि मान वळवून बघावं, समोरून येणारी एसटी कुठून दिसते ते.