लग्नाची सीडी

आमच्या घरात डीव्हीडीलाही सीडीच म्हणत. ‘दादाच्या लग्नाची सीडी लाव’ असं कुणी म्हटलं, की शोकेसमधून लाल मखमली खोकं निघायचं आणि त्यातून वधूवरांच्या फोटोचं गोल स्टिकर चिकटवलेली चकती. हे २००५ सालचं. त्या चकतीतला एक तुकडा मला हवा होता. गृहप्रवेशानंतर वहिनीने नाव घेतलं, मग बायकांनी आजीलाच धरलं आणि आजीनेही उखाणा घेतला, तो. जेमतेम पंधरा सेकंदांचा. तो चकतीतून एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरवायला मला पंधराएक वर्षं लागली.

डीव्हीडी पहिल्यांदा बाजारात आली ती नोव्हेंबर १९९६ मध्ये, जपानात, आणि आली ती सिनेमा बघण्यासाठी. ती बनवणाऱ्यांच्या डोक्यात कात्री नव्हतीच. तिच्यातलं चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबून बसवलेलं असतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, पण त्यांतलं साधारण दर बारावं-पंधरावं चित्रच पूर्ण साठवलेलं. मधल्या चित्रांचे नुसते फरक टिपून ठेवलेले. बघणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. कापणाऱ्याला मात्र मधल्या एखाद्या चित्रावर थांबायचं तर आजूबाजूच्या चित्रांवरून ते नव्याने जुळवावं लागतं. त्या काळच्या घरगुती सॉफ्टवेअरांना हे झेपत नसे. त्यांना हवी असायची मिनी डीव्ही कॅसेट, जिच्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं आणि तासाभराच्या शूटिंगला सुमारे १३ जीबी जागा लागते.

तशी कॅसेट होती की! लग्नाचं शूटिंग मिनी डीव्हीवरच झालं होतं. वर्षभराने स्टुडिओत जाऊन मूळ कॅसेटी मागितल्या, तर कळलं की त्यांच्यावर त्यानंतर आणखी चार लग्नं शूट होऊन गेली होती. चूक आमचीच, ठरवताना आम्ही अल्बमची पानं मोजली, कॅसेटींचा विषयच काढला नाही. उरली ती चकती.

२००६ साली पहिला प्रयत्न केला. चकती उघडली तर आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर आणि त्यात १ जीबीच्या आसपासच्या चार-पाच व्हीओबी फायली. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरने त्या ओळखल्याच नाहीत. मित्राने युक्ती सांगितली : शेपटीतलं व्हीओबी खोडून एमपीजी लिही. गंमत म्हणजे दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये ती चालली, कारण आतला माल मुळात एमपीईजीचाच असतो. पण आवाज आला नाही. डीव्हीडीवरचा आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीत असतो आणि ती त्या सॉफ्टवेअरला येत नव्हती. आजीचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं.

फुकटच्या सॉफ्टवेअरांचा हा हट्ट केवळ आळस नव्हता. एमपीईजी-२ वर पेटंटं होती आणि ते वाचता येण्यासाठी पैसे मोजावे लागत. क्विकटाइमला एमपीईजी-२ समजावं म्हणून ॲपल एक जोड-तुकडा २० डॉलरला वेगळा विकत असे. अमेरिकेतली शेवटची पेटंटं संपली फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर लोकांनी डीव्हीडी प्लेअर भंगारात घातले होते.

मग सगळ्यांनी केलं तेच मीही केलं : कन्व्हर्टर. त्या वर्षांत जो तो कन्व्हर्ट करत सुटला होता. बहुतेक कन्व्हर्टर सिनेमाच्या चकत्यांवरचं सीएसएस नावाचं कुलूप तोडण्याचीच जाहिरात करायचे. घरच्या चकतीवर ते कुलूप नसतंच, हे मला फार उशिरा कळलं. मी तीन तासांचं लग्न ७०० एमबीच्या एव्हीआय फायलीत कोंबलं. म्हणजे आधी एकदा दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं. काही वर्षांनी त्या एव्हीआयची एमपी४ केली, म्हणजे तिसऱ्यांदा. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं.

मूळ चकतीतच फार जीव नव्हता, हेही खरं. स्टुडिओवाल्याने अख्खं लग्न एका ४.७ जीबीच्या चकतीत बसवलं होतं. डीव्हीडीवर चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा असते. तीन तास भागवायचे तर वाट्याला आवाजासकट येतात जेमतेम साडेतीन. सभामंडपात माणसं नुसती बसलेली असतात तेव्हा ते पुरतात. पण मंगलाष्टकं संपून अक्षता उडाल्या, की हजारो बारीक ठिपके एकाच वेळी हलायला लागतात आणि सगळ्या चित्राचे चौकोन होतात. ‘शुभमंगल सावधान’च्या नेमक्या क्षणी दादाच्या चेहऱ्याच्या जागी बुद्धिबळाचा पट. यावर कुठल्याही सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

माझ्या कन्व्हर्टरने त्यात दोन गोष्टींची भर घातली. पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं साठवतात आणि दाखवताना ७६८ इतकं रुंद ताणतात. ते ताणलं नाही म्हणून घरातली सगळी माणसं किंचित वाळलेली दिसायला लागली. वहिनी खूश होती. दुसरी गोष्ट वाईट होती. त्या चित्रात एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. सेकंदाला २५ चित्रं म्हणतो, ती खरं तर ५० अर्धी चित्रं. दोन अर्धी चित्रं नुसती एकावर एक ठेवली, की हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला कंगव्याचे दात फुटतात. कुणी हात हलवला की हाताच्या जागी झाडूचे फराटे.

२०२० च्या टाळेबंदीत शेवटी बैठक मारून बसलो. नव्या लॅपटॉपला चकतीची फटच नव्हती, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. स्टिकरचा कागद फुगला होता आणि चकती फिरताना थडथडत होती. साध्या कॉपीने मध्येच मान टाकली. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आधी वाचता येईल तेवढं सगळं उचलतो आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा परततो. तो रात्रभर चालवला. सकाळी चकतीची जवळजवळ पूर्ण नक्कल हाती आली. मग मेकएमकेव्हीने सगळ्या व्हीओबी सांधून, काही न दाबता, एकच फाइल केली. त्या फायलीतला आजीचा तुकडा तेवढा एफएफएमपेगने कंगवा विंचरून, दर अर्ध्या चित्राचं एक पूर्ण असं सेकंदाला ५० चित्रांचं, प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या पद्धतीत उतरवला. फाइल अवाढव्य होते, होऊ दे. कामाला एक दुपार पुरली. चौदा वर्षं मी चकतीला सॉफ्टवेअरच्या मापाचं करण्यासाठी छाटत होतो. आधी तिची जशीच्या तशी नक्कल करून ठेवायला हवी होती, बस.

तुकडा टाइमलाइनवर ठेवला. आजी डोक्यावरचा पदर सारखा करते, दोन ओळी म्हणते, आणि नाव यायच्या जागी सनई सुरू होते. मिक्सिंगवाल्याने पुढच्या दृश्याची सनई तिथूनच चढवली होती आणि खालचा मूळ आवाज पार बंद केला होता. कॅसेट पुसली गेली, म्हणजे ते नाव कुठेच उरलं नाही.

तरी मी तो तुकडा कापला नाही, पुढे चालू दिला. आजीच्या मागे, चौकटीच्या अगदी कडेला, आजोबा उभे आहेत. जुन्या एव्हीआयमध्ये तिथे नुसते फराटे होते. आता दिसतं, की सनई सुरू होते त्याच क्षणी ते टोपी काढतात, उगाच झटकतात, आणि पुन्हा घालताना तिच्याआड हसतात.