रक्ताचा कर्करोग : ‘रोग दिसत नाही’ म्हणजे संपला का?

मागच्या महिन्यात एक तिशीतला तरुण थोरल्या भावाबरोबर दवाखान्यात आला. चार महिन्यांपूर्वी सतत ताप, थकवा आणि हिरड्यांतून रक्त अशा तक्रारी घेऊन तो माझ्याकडेच आला होता. रक्ताचा रिपोर्ट पाहून शंका आली, म्हणून मी त्याला मुंबईला पाठवले. तेथे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. केमोथेरपीनंतरचा रिपोर्ट मात्र चांगला होता. भाऊ म्हणाला, “डॉक्टरसाहेब, रोग दिसत नाही असं लिहिलंय. मग पुन्हा कमरेत सुई कशाला? आणि माझं रक्त तपासायला सांगतात, ते कशासाठी?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी पहिला पाहू.

निदानाच्या वेळी रुग्णाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. उपचारानंतर हाडाच्या मगजात त्या ५ टक्क्यांपेक्षा कमी दिसल्या आणि रक्त पूर्ववत झाले, की रोग आटोक्यात आला असे म्हणतात. पण पेशी शंभरपट घटल्या तरी आत एक हजार कोटी उरतात! सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखू येत नाहीत. शेत खुरपून स्वच्छ दिसते, पण हराळीच्या काश्या मातीत राहतात, तसेच हे आहे.

या काश्या शोधणारी तपासणी म्हणजे एम.आर.डी. फ्लो सायटोमेट्री किंवा पी.सी.आर. या पद्धतींनी दहा हजार पेशींत लपलेली एक रोगट पेशीही सापडू शकते. म्हणून ०.०१ टक्के ही मर्यादा महत्त्वाची मानतात. त्यासाठी कमरेच्या हाडातून पुन्हा थोडा मगज काढावा लागतो. मात्र ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ ‘मर्यादेच्या खाली’ एवढाच. अजिबात नाही, असा नव्हे. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी औषधे मनाने थांबवू नयेत.

पुढचा मार्ग ठरवायला हा आकडा फार उपयोगी पडतो. ज्यांचा एम.आर.डी. निगेटिव्ह असतो आणि रोगात इतर धोक्याची लक्षणे नसतात, अशा अनेकांना औषधांवरच पुढे नेता येते. ज्यांचा पॉझिटिव्ह राहतो, त्यांच्यात रोग उलटण्याची शक्यता बरीच जास्त असते. अशा प्रौढ रुग्णांना मूलपेशी प्रत्यारोपणाचा, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा सल्ला देतात. आपल्या देशात हे उपचार नवे नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली ते प्रथम झाले.

प्रत्यारोपणाआधी उरलेला रोग जितका कमी, तितका नंतर तो उलटण्याचा धोका कमी. त्यामुळे आधी एम.आर.डी. खाली आणण्याचा प्रयत्न होतो. ‘बी’ प्रकारच्या रोगासाठी ब्लिनाटुमोमॅब हे औषध आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते घेतलेल्या ७८ टक्के रुग्णांत उरलेला रोग तपासणीत सापडेनासा झाला. औषध महाग आहे. प्रत्यारोपणातही जंतुसंसर्गाचा धोका असतो. शिवाय दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात. म्हणूनच गरज कोणाला आहे, हे आधी नीट ठरवावे लागते.

आता भावाचा प्रश्न. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ती एच.एल.ए. तपासणीत कळते. पेशी देताना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन हातातील शिरेतून यंत्राद्वारे पेशी वेगळ्या करतात. दात्याच्या शरीरात त्या पुन्हा तयार होतात. या काळात अंग दुखते, पण कायमचा अशक्तपणा येतो हा समज चुकीचा आहे.

वाचकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निदानाच्या वेळचे रिपोर्ट जपून ठेवा, कारण उरलेल्या पेशी ओळखायला त्यांचा आधार लागतो. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर रक्ताच्या नातेवाइकांनी रुग्णाला परस्पर रक्त देऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे. आणि खर्चाची चिंता असल्यास उपचार सोडण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवकांना भेटावे.

सगळे ऐकून भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे माझं जुळलं तर मीच त्याचं औषध.” दुसऱ्याच दिवशी दोघे मुंबईला गेले. रिपोर्टची वाट आम्ही सारेच पाहत आहोत.