पोटरीतलं दुसरं हृदय

संध्याकाळी घरी आल्यावर मोजे काढा आणि घोट्याच्या वर बघा. इलॅस्टिकची गोल खूण उमटलेली दिसेल. तिथेच नडगीवर अंगठा टेकवून थोडा वेळ दाबून धरा. खड्डा पडला आणि सावकाश भरत गेला, तर कातडीखाली पाणी साठलं आहे. सकाळी हाच पाय बुटात सहज गेला होता. दिवसभरात हे पाणी आलं कुठून?

तुमच्याच रक्तातून! केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी सतत झिरपत असतं. हा बिघाड मुळीच नव्हे. त्या पाण्याबरोबरच तर पेशींना अन्न पोचतं. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं ते आत धरून ठेवतात. ही रस्सीखेच अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये उलगडून दाखवली. उरलेलं पाणी लसिकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडतात.

आता उभे राहा. हृदयापासून पावलापर्यंत साधारण सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ तुमच्या घोट्यांवर उभा आहे. स्थिर उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. एवढ्या दाबाखाली पाणी बाहेर पडणारच. दिवसभर काउंटरमागे उभं राहणाऱ्या माणसाचे पाय सुजतात आणि रात्रभर बसमध्ये पाय खाली सोडून बसलेल्याचेही सुजतात, त्यामागचं कारण हेच. खरं आश्चर्य तर पुढे आहे. एवढा भार असताना रक्त वर चढतं कसं? हृदयाचा जोर बारीक वाहिन्यांमधून जाताना बराचसा संपलेला असतो.

उत्तराचा पहिला धागा सापडला इटलीतल्या पादुआमध्ये. फॅब्रिशियस या शरीररचनेच्या प्राध्यापकाने १६०३ मध्ये शिरांमधल्या इवल्या झडपांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पायांकडे येणाऱ्या रक्ताचा लोंढा थोपवायला त्या आहेत, असं त्याला वाटलं. त्याच झडपा त्याच्या विद्यार्थ्याने, विल्यम हार्वेने, वेगळ्या नजरेने पाहिल्या. दंडाला पट्टी बांधून त्याने हाताच्या शिरेतलं रक्त बोटाने सरकवून बघितलं. ते हृदयाकडे जात होतं, मागे येत नव्हतं! १६२८ च्या त्याच्या ग्रंथात या प्रयोगाची चित्रं आहेत. रक्त शरीरात फिरतं हे जगाला पटवणाऱ्या पुराव्यांत या झडपांचा मोठा वाटा होता.

पण झडप फक्त दार. ढकलणार कोण? पोटरी! गाईची धार काढताना मूठ आवळावी, तशी पोटरी प्रत्येक पावलागणिक आपल्या आत दडलेल्या शिरा आवळते. त्यांतलं निम्म्याहून अधिक रक्त एका दाबात वर जातं. खालची झडप मिटते, त्यामुळे त्याला माघारी यायला वाट नाही. त्याआधी तळव्याखालच्या शिरांचं जाळं जमिनीवर दाबलं जाऊन रक्त पोटरीकडे सरकलेलं असतं. मोजक्या पावलांत घोट्यातला तो ९० चा दाब ३० च्या खाली येतो. गोळी नाही, यंत्र नाही, नुसतं चालणं! म्हणूनच पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. पाय जड झाले की आपण बसून राहतो. पाय उंच ठेवून टेकलात तर आरामच पडेल, पण पाय खाली सोडून खुर्चीत बसलात तर हा पंप बंद पडतो. बसावंच लागलं, तर टाचा वर-खाली करत राहा. पोटरी तेवढ्यानेही कामाला लागते.

याहून सुंदर गोष्ट पोहण्याच्या तलावात घडते. छातीभर पाण्यात उभे राहा. बाहेरचं पाणी तळाशी सर्वांत जोरात दाबतं, वर येता येता कमी. सव्वा मीटर खोलीवर हा दाब सुमारे ९० मिलिमीटर भरतो. आतल्या रक्ताच्या स्तंभाला बाहेरून जवळजवळ तेवढाच दाब! कुठल्याही शिंप्याला जमणार नाही इतका अचूक मोजा पाणी तुमच्या पायांवर चढवतं. पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं की पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. शिवाय वजनाचा भार हलका होतो आणि बूट लागतच नाहीत. सुजणाऱ्या पायांसाठी पाण्यात चालण्याइतका सुखाचा व्यायाम मला दुसरा दिसत नाही. हृदयविकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

बुटांचा विषय निघालाच आहे, तर तिथेच खरी अडचण आहे. पाऊल म्हणजे २६ हाडांची रचना. वजन पडलं की ती पसरते. अरुंद बुटात तिला पसरायला जागा नसते, चवडा चिमटला जातो, माणूस लंगडतो, मग चालणंच सोडतो, आणि पोटरीचा पंप थांबतो. फिल हॉफमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९०५ मध्ये अनवाणी वावरणाऱ्यांचे आणि बूट घालणाऱ्यांचे पाय ताडून पाहिले होते. अनवाणी पायांची बोटं मोकळी पसरलेली होती, बूटवाल्यांची एकमेकांवर दाटलेली. रुंद पाय हा दोष मानायचं काहीच कारण नाही.

आणि आपले पाय रुंदच आहेत! चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मापं घेतली. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद निघाले. आपण मात्र इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले नंबर वापरतो. रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा बूट घेतो आणि मग टाच आत सुटी खेळते. या पाहणीवरून भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची मापपद्धत सुचवली गेली आहे.

ती रूढ होईपर्यंत बूट संध्याकाळी घ्या, पाय सर्वांत फुगलेला असताना. उभं राहून दोन्ही पायांचं माप द्या आणि मोठ्या पायाला बसेल तोच बूट घ्या. नाडी चवड्यावरच्या भोकांतून सैल ओवा, घोट्याशी घट्ट बांधा. दाबाचे मोजे वापरायचे तर डॉक्टरांना विचारून, विशेषतः मधुमेह असेल तर.

एक गोष्ट मात्र घरी उपाय करत बसण्याची नाही. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर शिरेत गुठळी असू शकते. सुजेबरोबर धाप लागली, तर हृदय किंवा फुप्फुसांचा प्रश्न असू शकतो. अशा वेळी चालायला जाऊ नका, लगेच दवाखाना गाठा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात, पण त्या स्वतःहून बंद करू नका.

आणि पुढच्या वेळी दुकानात नंबर सांगाल, तेव्हा रुंदीही मागा. गिऱ्हाईक मागत नाही, तोवर दुकानदार रुंद बूट ठेवणार नाही.