कोणता चित्रपट कोणी पाहावा?

दुपारची जेवणे आटोपली, औषधांच्या गोळ्या घेऊन झाल्या की अनेक घरांत एक प्रश्न ठरलेला असतो : आज काय लावायचे? पूर्वी दूरचित्रवाणीवर जे लागेल ते पाहावे लागे. आता निवड आपल्या हाती आली आहे, आणि निवडीची जबाबदारीही. गेल्या काही आठवड्यांत वार्धक्याशी निगडित असे पाच चित्रपट मी पाहिले. काही पुन्हा, काही प्रथमच. त्यांविषयीची ही मते समीक्षकाची नव्हेत. चित्रपट चांगला की सुमार, यापेक्षा मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटला. तो आईवडिलांच्या शेजारी बसून पाहावा, की त्यांची शुश्रूषा करणाऱ्याने एकट्याने?

‘द फादर’ (२०२०) हा निःसंशय एकट्याने पाहण्याचा चित्रपट आहे. फ्रेंच नाटककार फ्लोरियान झेलेर यांनी स्वतःच्याच नाटकावरून तो दिग्दर्शित केला. अँथनी हॉपकिन्स यांना त्यातील भूमिकेसाठी वयाच्या ८३व्या वर्षी ऑस्कर मिळाले. लंडनमधील एका घरात राहणाऱ्या, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची ही कथा आहे. मात्र ती आपण बाहेरून पाहत नाही. मुलगी खोलीतून बाहेर जाते आणि परत येते ती वेगळ्याच चेहऱ्याने. भिंतींचे रंग, खुर्च्या, चित्रे नकळत बदलत जातात. मघाशी घडून गेलेला प्रसंग पुन्हा सुरू होतो. आपण गोंधळतो, मग किंचित चिडतो, आणि तेव्हा उमगते की त्या माणसाची प्रत्येक सकाळ अशीच उजाडत असणार.

या वृद्धाचे घड्याळ वारंवार सापडेनासे होते आणि सांभाळणाऱ्या बाईने ते चोरले, अशी त्याची खात्री असते. आपल्यापैकी कितीतरी जणांनी हे घरात अनुभवले असेल. आईची साखळी सापडत नाही आणि संशय येतो तो धुण्याभांड्याच्या बाईवर किंवा सुनेवर. हा स्वभावदोष नव्हे, आजाराचे लक्षण आहे. वस्तू आपणच जपून ठेवली, ही आठवण पुसली गेली की उरलेल्या मनाला चोरीखेरीज दुसरे कारण सापडत नाही. “तूच ठेवली असशील” असे म्हणून वाद जिंकता येत नाही. “चल, आपण दोघे शोधू” हे वाक्य अधिक उपयोगी पडते. नेहमीच्या लपवण्याच्या जागा घरातील सर्वांना ठाऊक असाव्यात आणि नव्याने कामावर येणाऱ्या बाईला या आजाराची कल्पना आधीच दिलेली असावी. तिची अब्रू आणि पोट दोन्ही त्यावर अवलंबून असते. विसरण्याची नुकतीच सुरुवात झालेल्या व्यक्तीला मात्र हा चित्रपट दाखवू नये. पुढे काय वाढून ठेवले आहे, याचे इतके स्पष्ट चित्र तिला भेडसावत राहील.

हाच विषय आपल्या मातीत पाहायचा असेल तर ‘अस्तु’ पाहा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात मोहन आगाशे यांनी संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्रींची भूमिका केली आहे. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे त्यांच्या नजरेतील हरवलेपण पाहताना वारंवार आठवते. मुलीबरोबर बाहेर पडलेले शास्त्रीबुवा रस्त्यात हत्ती पाहतात, मुलासारखे हरखतात आणि त्याच्यामागे चालू लागतात. इकडे मुलगी शहरभर शोधत फिरते. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखे सांभाळते आणि तो तिला आई म्हणू लागतो. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला आजाराचे नावही ठाऊक नाही. तरी ती सहज वागते, कारण हा माणूस पूर्वी केवढा विद्वान होता, हे तिला माहीत नाही. मुलीचे दुःख नेमके तिथेच आहे. ती वडिलांमध्ये जुने वडील शोधत राहते.

हा चित्रपट कुटुंबातील सर्व भावंडांनी एकत्र पाहावा, असे मी सुचवेन. ‘बाबांना कोणी सांभाळायचे’ हा विषय काढणे ज्या घरात अवघड झाले आहे, तिथे शास्त्रीबुवांच्या निमित्ताने तो निघू शकतो. आणि घरात अशी व्यक्ती असेल तर तिच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी आजच ठेवा. अलीकडचे छायाचित्रही हाताशी असू द्या.

जानू बरुआ यांचा ‘मैंने गांधी को नहीं मारा’ (२००५) मला अर्धाच पटला. निवृत्त हिंदी प्राध्यापकाची भूमिका अनुपम खेर यांनी केली आहे. आपल्या हातून गांधीहत्या झाली, या भ्रमाने ते पछाडलेले असतात. स्मृतिभ्रंशाचे मूळ बालपणीच्या अपराधभावनेत शोधण्याचा चित्रपटाचा ओढा वैद्यकीयदृष्ट्या दिशाभूल करणारा वाटतो. हा आजार मेंदूतील पेशींच्या ऱ्हासातून येतो, कोणत्याही पापातून नव्हे. पण त्या भ्रमाला न हसता, घरच्यांनी आणि डॉक्टरांनी त्याच्याच जगात शिरून खटला उभा करणे, हा भाग मात्र मनापासून पाहण्यासारखा आहे.

आता हसण्याची सोय. शूजित सरकार यांचा ‘पिकू’ (२०१५) तीन पिढ्यांनी एकत्र पाहावा. बद्धकोष्ठाने त्रासलेले, मुलीला क्षणाची उसंत न देणारे भास्कोरबाबू अमिताभ बच्चन यांनी असे रंगवले आहेत की घरातील आजोबांना आपलेच चित्र दिसेल आणि तरी राग येणार नाही. कमोडची खुर्ची गाडीच्या टपावर बांधून दिल्लीहून कोलकात्याला निघालेली ही मंडळी, ज्या विषयावर घराघरांत कुजबुजत बोलतात, तो विषय जेवणाच्या टेबलावर आणतात. त्याचा लाभ घ्या. पाणी कमी पिणे, हालचाल घटणे, लोहाच्या वा काही वेदनाशामक गोळ्या, ही वृद्धांमधील बद्धकोष्ठाची नेहमीची कारणे आहेत. तक्रार नव्याने सुरू झाली असेल, शौचावाटे रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर घरगुती चूर्णावर न थांबता डॉक्टरांना दाखवावे. मुलगी वडिलांवर सतत डाफरते, याबद्दल काही ज्येष्ठांनी नाराजी दाखवली. मला ती दमलेल्या मुलीची खरी भाषा वाटली.

मिखाएल हानेके यांचा ‘आमूर’ (२०१२) पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या पत्नीची व तिची सेवा करणाऱ्या वृद्ध पतीची कथा सांगतो. कलाकृती असामान्य आहे, शेवट भयंकर आहे. सध्या जोडीदाराची शुश्रूषा करीत असाल आणि रात्रीची झोप उडाली असेल, तर तूर्त तो लावूच नका.

पाहण्याच्या रीतीविषयी थोडेसे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता बहुधा सायंकाळी वाढते. त्यांच्यासाठी चित्रपट सकाळी किंवा दुपारी लावावा. अडीच तास बसवून ठेवण्यापेक्षा चाळीस-पन्नास मिनिटांवर थांबवून पाणी द्यावे, चार पावले चालवावे. ऐकू कमी येत असेल तर आवाज चढवण्याआधी श्रवणयंत्र कानात आहे का, ते पाहावे. आणि कथा कळेनाशी झाली तर जुन्या ओळखीच्या गाण्यांचा चित्रपट लावायला मुळीच संकोच करू नये. कथेचा धागा सुटलेला माणूसही पुष्कळदा पुढची ओळ अचूक गुणगुणतो. त्या वेळी दूरनियंत्रक बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर गुणगुणायला आपण शेजारी असावे, एवढेच.